नोकरी करून सीए : दीड तासाचा हिशेब

काही दिवसांपूर्वी आमच्या इचलकरंजीत समाजातल्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला. मलाही पाहुणा म्हणून बोलावलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्याने माझी ओळख करून दिली, "जिद्द असेल तर नोकरी करूनही सीए होता येतं, याचं हे जिवंत उदाहरण!" टाळ्या झाल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि खाली येऊन बसलो. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय, कारण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी त्या दिवशी व्यासपीठावर बोललो नाही. ते इथे लिहितो.

माझे अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बंद पडला की दुरुस्त करणं हे त्यांचं काम. कारखान्यात हिशेब लिहिणारे दिवाणजी पंख्याखाली बसायचे. आपल्या मुलानेही तसंच पंख्याखाली बसावं, एवढीच अब्बांची अपेक्षा होती. मी बी.कॉम. करता करता सीएच्या वाटेला लागलो, इंटर पास झालो, तीन वर्षांची आर्टिकलशिप केली. 2018 मध्ये ती संपली तेव्हा घरात दोन गोष्टी एकदमच आल्या : माझी फायनलची परीक्षा आणि अब्बांच्या गुडघ्यांनी दिलेली रजा. मागाच्या खाली वाकणं त्यांना जमेनासं झालं होतं.

ओळखीच्या एका सीए साहेबांनी सल्ला दिला, "सहा महिने काही करू नकोस. फक्त अभ्यास कर." सल्ला शंभर टक्के योग्य होता. पण सहा महिने घरात रेशन कोण भरणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या अकाउंट्स विभागात 18 हजारांवर रुजू झालो. सकाळी आठची एसटी, रात्री आठला घर.

नोकरी आणि ही परीक्षा यांचं वैर फक्त थकव्यामुळे नाही. खरं वैर कॅलेंडरचं आहे, आणि बाहेरच्या माणसाला ते लवकर कळत नाही. महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 तारखेला विक्रीचं जीएसटी विवरण, 20 तारखेला कर भरून दुसरं विवरण. मार्चअखेर वर्षाचा हिशेब बंद करायचा, मग ताळेबंद. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑडिट. आणि आमची परीक्षा कधी? तेव्हा मे आणि नोव्हेंबरमध्ये असायची. म्हणजे घरी बसलेला विद्यार्थी जेव्हा शेवटची उजळणी करतो, नेमकं तेव्हाच नोकरीतल्या माणसाला ऑफिसातून हलता येत नाही. 2018 साली टॅक्स ऑडिटची मुदत वाढून 31 ऑक्टोबर झाली. सगळ्या फाउंड्रीला हायसं वाटलं. माझी परीक्षा नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. वाढलेली मुदत माझ्या अभ्यासातून वजा झाली.

त्या पहिल्या अटेंप्टला मी दोन्ही ग्रुप दिले. आठ पेपर. शेवटच्या दहा दिवसांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून जे सापडेल ते घोकलं. निकाल जो लागायचा तोच लागला.

इथे नियम सांगायला हवा. प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या एकूण गुणांत 50 टक्के लागतात. मे 2019 ला मी शहाणा होऊन एकच ग्रुप भरला. त्या वर्षी लोकसभा निवडणुकीमुळे परीक्षा पुढे ढकलली आणि 27 मेपासून सुरू झाली. म्हणजे ऐन रमजानच्या शेवटच्या दिवसांत. दुपारी 2 ते 5 पेपर, रोजा, मग घरी येऊन इफ्तार. मी रोजे सोडले नाहीत, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. निकाल आला : 48, 46, 52, 47. चारही पेपर पास. बेरीज 193. हवे होते 200. सात गुणांनी ग्रुप गेला.

सात गुण म्हणजे किती अभ्यास? मला वाटतं आठ-दहा दिवसांचा. मी परीक्षेसाठी पंधरा दिवसांची रजा मागितली होती, सहा दिवसांची मिळाली होती.

त्या निकालानंतर मी आमच्या मशिदीत मुलांना हिफ्ज शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांजवळ बसलो होतो. रडगाणं ऐकवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दिवसाला किती वाचतोस?" मी म्हटलं, "रोज कुठे जमतं? शेवटी महिनाभर दाबून वाचतो." ते हसले. म्हणाले, "कुणी एका महिन्यात हाफिज झालेला पाहिलायस का?"

मग त्यांनी आपली पद्धत समजावली. हिफ्ज करणाऱ्या मुलाचे रोजचे तीन भाग असतात. सबक म्हणजे आजचा नवा धडा. सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांत झालेलं. आणि मंजिल म्हणजे जुनं, जे फिरून फिरून म्हणायचं असतं. नवा धडा अर्ध्या पानाचा असला तरी चालेल, पण मंजिल एक दिवसही चुकता कामा नये. "मंजिल सुटली की मागचं वाहून जातं," ते म्हणाले.

ही पद्धत मी लहानपणापासून बघत होतो. पण ती हिशेबशास्त्राला लावायचं कधी सुचलं नव्हतं. त्यानंतर फज्रच्या नमाजनंतरचा दीड तास मी असाच वाटला. अर्धा तास नवा विषय, अर्धा तास या आठवड्यात झालेलं, अर्धा तास दोन महिन्यांपूर्वीचं. अर्थात सीएचा अभ्यास म्हणजे पाठांतर नव्हे. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाचं गणित तोंडपाठ करून सुटत नाही, ते हाताने सोडवावंच लागतं. म्हणून गणितं रविवारी. पण ऑडिटची मानकं, कंपनी कायद्याची कलमं, करसवलतींच्या अटी एसटीतसुद्धा फिरवता येतात. नोव्हेंबर 2019 ला तो ग्रुप सुटला.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट त्या सूत्रसंचालकाला हवी तशी झाली असती. पण आता हिशेबच मांडतो. रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे नऊ तास. रविवारचे सहा. एकूण आठवड्याला 15. सहा महिन्यांचे 26 आठवडे धरले तर 390 तास, तेही एकही दिवस आजारपण, लग्न किंवा मयत न येता. जो मुलगा घरी बसून रोज दहा तास अभ्यास करतो, तो हे 390 तास 39 दिवसांत पूर्ण करतो. माझं अर्धं वर्ष आणि त्याचा सव्वा महिना सारखेच.

लोक म्हणतात, परीक्षा सगळ्यांना सारखीच. पेपर सारखाच असतो, खरंय. पण पेपरापर्यंत पोचायला मिळालेले तास सारखे नसतात. दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांचे निकाल पाहा : नोव्हेंबर 2023 ला 9.42 टक्के, मे 2024 ला 19.88 टक्के. पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्यांनाही जी परीक्षा इतकी जड जाते, तिथे उरलेल्या वेळात अभ्यास करणारा नापास झाला की आपण त्याच्या बुद्धीवर शंका घेतो. "अजून झाला नाही का रे सीए?" हा प्रश्न मला लग्नात, जनाज्यात आणि ईदगाहवरही विचारला गेला आहे.

आणि आता ती गोष्ट, जी व्यासपीठावर सांगायला जीभ रेटली नाही. माझा दुसरा ग्रुप कसा सुटला? मे 2020 ची परीक्षा कोरोनामुळे रद्द झाली. वर्षअखेरीस दिली, नापास झालो. मग 2021 ची दुसरी लाट आली. कोल्हापूर जिल्ह्यात कडक लॉकडाऊन लागला, फाउंड्रीचं काम जवळजवळ थांबलं, आम्हाला अर्ध्या पगारावर घरी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला सलग सहा आठवडे अभ्यासाला मिळाले. जुलै 2021 ला परीक्षा झाली आणि मी पास झालो. तोच मी, तीच बुद्धी, तीच पुस्तकं. जे जिद्दीने झालं नाही, ते वेळेने झालं. मोहल्ल्यातून रोज मयत उठत होती, आणि मला वेळ मिळाला होता. हे आठवलं की अजूनही लाज वाटते. पण हेच खरं आहे.

म्हणून "जिद्द असेल तर" हे वाक्य मला पटत नाही. त्यात नकळत असं सुचवलं जातं की ज्यांचं झालं नाही त्यांच्यात जिद्द नव्हती. माझ्याबरोबर आर्टिकलशिप केलेले दोघे आज "सेमी क्वालिफाइड" म्हणून नोकरी करतात. त्यातला एक माझ्यापेक्षा हुशार होता. त्याला सहा आठवडे कधी मिळालेच नाहीत.

परीक्षा सोपी करा, असं माझं अजिबात म्हणणं नाही. ज्या सहीवर बँक कर्ज देते आणि लोक पैसे गुंतवतात, ती सही स्वस्त होता कामा नये. शिवाय संस्थेनेही काही बदल केलेत. नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली, फायनलचे पेपर आठवरून सहावर आले, आर्टिकलशिपनंतर परीक्षेआधी सहा महिने अभ्यासाला ठेवले. 2025 पासून फायनलही वर्षातून तीनदा होऊ लागली. पूर्ण वेळ काम आणि हा अभ्यास एकत्र जमत नाही, हे यातून मान्यच झालं म्हणायचं. पण ते सहा महिने ज्याच्या घरी चूल दुसरं कुणी पेटवतं, त्यालाच उपयोगी. बाकीचा दुसऱ्याच दिवशी नोकरी शोधतो.

मग हे काम कुणाचं? माझ्या मते आपलं.

आपल्या समाजात छोटे धंदे खूप. बेकरी, गॅरेज, फळांचे गाळे, खर्चीवर चालणारे माग. जीएसटी आल्यापासून या सगळ्यांना हिशेबनीस लागतो. मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या विश्वस्तांना हिशेब ठेवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो. रमजानमध्ये माझ्याकडे दुकानातला माल मोजून अडीच टक्के जकात काढून घ्यायला रांग लागते. गरज आहे, मुलंही आहेत. मधे फक्त वेळ नाही, आणि वेळ विकत घ्यावा लागतो.

सत्काराच्या त्या कार्यक्रमाचा मंडप, जेवण, शाली यांचा खर्च मी सवयीने मनात मांडला. तेवढ्या पैशांत फायनलला बसलेल्या दोन मुलांना दोन-दोन महिने बिनपगारी रजा घेऊ देता आली असती. सत्कार पास झाल्यावर होतो, मदत त्याच्या आधी लागते. मदतीला कोणता निधी वापरता येतो ते उलेमांना विचारा, त्यात मी पडत नाही. पण फज्रनंतर मशिदीचा वरचा हॉल, दिवा, पंखा आणि चार टेबलं, ही अभ्यासिका सुरू करायला फार काही लागत नाही. आणि आपल्यापैकी जे मालक आहेत त्यांनी हिशेब बघणाऱ्या पोराला परीक्षेआधी पंधरा दिवस सोडावं. कारखाना बंद पडत नाही. माझ्याशिवाय कधीच पडला नाही.

जे आत्ता नोकरी करून अभ्यास करतात, त्यांना एवढंच सांगतो. ऑफिसचा भार जास्त असेल तर एकेक ग्रुप द्या. दोन्ही एकत्र दिले तर एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याला हात देतात, हे खरं, पण त्यासाठी दोन्हींचा अभ्यास व्हायला हवा. एखाद्या पेपरात 60 मिळाले तर पुढे तो पेपर द्यावा लागत नाही, म्हणून नापास होतानाही एक पेपर चांगला बांधा. आणि मंजिल सोडू नका.

शेवटी माझ्या घरचं. माझी धाकटी बहीण बी.कॉम. करून एका कापड व्यापाऱ्याकडे हिशेब बघते आणि इंटरचा अभ्यास करते. एक ग्रुप गेला. मी तिला हाफिजसाहेबांची पद्धत सांगितली, फज्रनंतरचा दीड तास समजावला. ती ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "भाईजान, तुम्ही फज्रनंतर वाचत होता तेव्हा तुमचा डबा कोण करत होतं?"

अम्मी आणि ती. माझ्या 390 तासांत किती तास त्या दोघींचे होते, ते मी कधी मांडलंच नव्हतं. आता सकाळचे डबे मी करतो. पोळ्या जमत नाहीत, भात आणि भाजी जमते. तिची परीक्षा जानेवारीत आहे.