आमदार सभागृहासाठी निवडायचा असतो

माजिवड्यात आमदाराच्या कामाचा विषय निघाला की लोक बोट दाखवून सांगतात. तो बसथांबा बघा, ते उद्यानातले बाकडे बघा. बाकड्याच्या पाठीवर ‘आमदार स्थानिक विकास निधीतून’ असे रंगवलेले असते आणि खाली ठळक नाव. टँकर आला, गटारावर झाकण बसले, गणपतीला वर्गणी मिळाली, म्हणजे आमदार काम करतो! हे मत इतके रुळले आहे की विरोध करणारा पुस्तकी ठरतो. तरीही ते मला साफ चुकीचे वाटते आणि ठाण्याच्या या भागाचे त्याने नुकसानच केले आहे.

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर 2009 मध्ये ओवळा-माजिवडा विधानसभा मतदारसंघात पहिली निवडणूक झाली. ठाण्याचा घोडबंदर पट्टा आणि मीरा-भाईंदरचा काही भाग, म्हणजे दोन महापालिकांची हद्द, एकाच आमदाराकडे आली. 2009, 2014, 2019 आणि 2024 या चारही निवडणुका प्रताप सरनाईक यांनी जिंकल्या. डोंबिवलीत कधीकाळी रिक्षा चालवलेला माणूस बांधकाम व्यवसायात उतरला, ठाण्यात नगरसेवक झाला, मग आमदार आणि डिसेंबर 2024 मध्ये राज्याचा परिवहन मंत्री झाला. या प्रवासातली जिद्द कोणीही मान्य करावी. समर्थक विचारतात, चार वेळा निवडून देणारे मतदार काय मूर्ख आहेत? मुळीच नाहीत. पण निवडून येण्याने आमदारकी मिळते; ती कशी वापरली याचा हिशेब त्यातून निघत नाही.

समर्थकांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. ठाणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवकच नाही म्हटल्यावर पाणी येत नाही हे सांगायला लोक आमदाराकडेच जाणार. त्यात त्यांची चूक नाही. मात्र महापालिकेची निवडणूक रखडली ती ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात आणि वरचेवर बदललेल्या प्रभागरचनेच्या कायद्यांत. ते कायदे विधिमंडळातच मंजूर झाले. लोकांचा नगरसेवक परत मिळवून द्यायची जागा तीच होती. टँकर पाठवणाऱ्या आमदाराचे आपण आभार मानले, पण त्या विधेयकांवर तो काय बोलला, हे कोणी विचारले?

रस्त्याचेही तेच. माजिवडा नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकमेकांना भिडतात. गुजरातकडचे कंटेनर, शाळेच्या बस, रिक्षा, रुग्णवाहिका, सगळे एकाच कोंडीत. पावसाळ्यात पुलाच्या तोंडाशी खड्डा पडला की नागरिक महापालिकेला शिव्या घालतो. पण या परिसरातल्या रस्त्यांवर, पुलांवर आणि मेट्रोवर सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए, रस्ते विकास महामंडळ अशा अनेकांचा ताबा. या यंत्रणा महापौराला जुमानत नाहीत. त्या राज्य सरकारच्या आहेत आणि सरकार विधानसभेला उत्तरदायी आहे. आमदाराचा निधी वर्षाला 5 कोटी. डोक्यावरून जाणाऱ्या वडाळा-कासारवडवली मेट्रोचा मंजूर खर्च साडेचौदा हजार कोटींच्या घरात. त्या 5 कोटींच्या बाकड्यांवर आपण खूश होतो आणि हजारो कोटींवर सभागृहात लक्षवेधी सूचना मांडण्याचा त्याचा अधिकार आपल्या ध्यानीमनीही नसतो.

घोडबंदरच्या कुठल्याही सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवा. भांडण असते ते बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून न दिल्याचे. त्यावर आधार कशाचा? 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायद्याचा आणि त्यात 2008 मध्ये घातलेल्या मानीव अभिहस्तांतरणाच्या दुरुस्तीचा. बिल्डरची सही नसतानाही जमीन सोसायटीकडे येऊ शकते, ही सोय विधिमंडळाने केली. हजारो कुटुंबांना पुरणारे काम म्हणतात ते हे.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ते म्हणतात, सभागृहात नुसता गोंधळ, आमदार पक्षादेशाचा बांधील, तो काय करणार? हेही खोटे. पक्षांतरबंदी कायद्यातला पक्षादेश मतदानाला लागतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय विधेयक यांसाठी आमदाराचे हात कोणी बांधलेले नाहीत. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले. 1962 पासूनच्या त्या कारकिर्दीत ते बहुतेक काळ विरोधी बाकावर होते आणि दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी सभागृहात झगडत राहिले. त्यांच्या एसटी प्रवासाचे कौतुक सगळे करतात. मला त्यांचे सभागृहातले ठाण मांडून बसणे मोठे वाटते.

सरनाईकांच्या कारकिर्दीबद्दल बातम्यांत काय सापडते? जून 2021 मध्ये भाजपशी जुळवून घ्या म्हणून तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना लिहिलेले पत्र, जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने माफ केलेला त्यांच्या विहंग गार्डन गृहप्रकल्पाचा दंड, त्याच वर्षी जूनमध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत जाणे, आणि त्यांची दहीहंडी. कोणत्या विधेयकात त्यांनी कोणती दुरुस्ती सुचवली, याचा शोध वार्ताहर घेत नाहीत, कारण वाचक मागत नाहीत. हा दोष एकट्या आमदाराच्या माथी मारता येणार नाही.

त्यात सरनाईक आता मंत्री आहेत, आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. म्हणजे आज माजिवड्याच्या कोंडीवर तारांकित प्रश्न टाकायला ठाण्यातलाच दुसरा कोणी आमदार गाठावा लागेल. मंत्रिपदाचे फलक लावताना ही बाजू कोणी सांगितली नाही.

विधिमंडळाचे कामकाज संकेतस्थळावर मिळते. पुढच्या अधिवेशनानंतर आपल्या सोसायटीच्या फलकावर निधीच्या आकड्याशेजारी ते लावा, आणि आमदार भेटायला आले की बाकड्याआधी त्याबद्दल विचारा.