खाचरातील नत्र कोठे जाते?

वसई तालुक्याच्या पूर्व भागात, पारोळ-भाताण्याच्या बाजूस, आषाढात फेरी मारली असता एक दृश्य हमखास दिसते. खाचर तुडुंब भरलेले असते आणि शेतकरी बांधावरून युरिया फेकीत असतो. ही चाल आता मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाचरात पाणी साचले की मातीतील हवा निघून जाते. उरलासुरला प्राणवायू सूक्ष्म जंतू एखाद्या दिवसात संपवितात. पुढे ते नायट्रेट, मँगेनीज व लोह यांच्याशी संयोग पावलेला प्राणवायू काढून घेऊ लागतात. या क्रियेस क्षपण म्हणतात. तांबड्या मातीचा चिखल आतून करडा होतो तो यामुळेच. वरचा काही मिलिमीटरांचा पापुद्रा तेवढा तांबूस राहतो, कारण पाण्यातून उतरणारा प्राणवायू तेथपर्यंतच पोहोचतो. भाताला हे सोसते. त्याच्या अंगातील पोकळ्यांतून हवा मुळांकडे जाते. पश्चिमेकडील वाडीतील केळीला ही सोय पुरेशी नसते, म्हणून ती साचलेल्या पाण्यात गुदमरते.

वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होतो. त्यातील काही पाण्यावरूनच उडून जातो. काहीचे तांबूस पापुद्र्यात नायट्रेट होते, ते खालच्या करड्या चिखलात उतरते, तेथील जंतू त्याचा प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायुरूपाने निसटते. हवेत नत्र मुळातच शेकडा ७८ आहे; तिला आपल्या गोणीची गरज नाही!

तेच खत करड्या थरात पुरले तर अमोनिया मातीच्या कणांना धरून राहतो. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत लावणीनंतर त्याच दिवशी चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात, ती याच कारणास्तव.

हेक्टरी ६२,५०० गोळ्या हाताने खोचावयास माणसे कोठून आणावयाची, हा शेतकऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. घरातील तरुण नोकरीनिमित्त सकाळच्या गाडीने मुंबईस जातो. ज्यांस हे शक्य नाही त्यांनी निदान पाणी काढून खत चिखलात कालवावे व मग पाणी घ्यावे. लावणीस नायट्रेटयुक्त खत तर मुळीच देऊ नये.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. किती गोण्या, हे आम्ही कार्यकर्ते सांगत आलो; कोणत्या थरात, हे क्वचितच सांगितले. यंदा प्रत्येक गावी एका गुंठ्यावर तरी गोळ्या खोचून दाखवाव्यात. त्यास ६२५ गोळ्या पुरतात.