काचेच्या पेटीतील एकटा मासा

शोभेचे मासे घेण्यासाठी मंडळी दुकानात जातात तेव्हा बहुधा एकच बोली ऐकू येते: "प्रत्येक जातीचा एकेक द्या." एक निऑन टेट्रा, एक झेब्रा, एक बार्ब, आणि भर म्हणून एक एंजल! पेटी रंगीबेरंगी दिसते खरी. पण आमच्या मते हा त्या मुक्या जीवांवर अन्याय आहे.

हे लहान मासे स्वभावाने कळपाचे. डोळ्यांनी आणि अंगावरच्या संवेदनशील रेषेने ते शेजाऱ्याची हालचाल टिपतात आणि एकदम वळतात. शत्रूला त्यांतला एक निवडणे अवघड जाते. एकटा मासा मात्र कोपऱ्यात दडतो, त्याचा रंग उतरतो, अन्न सोडतो. तंबोऱ्याची एकच तार ठेवून बाकीच्या उतरवल्या तर त्याला तंबोरा कोण म्हणेल? एका जातीचे निदान सहा तरी हवेत. आणि एंजल नकोच. मोठा झाला की तो निऑनला सरळ गिळतो.

पेटी दोन फूट लांब, साठेक लिटरची असावी. गोल बरणी दिवाणखान्यात शोभते, माशाला सोसत नाही. पाणी भरून मासे लगोलग सोडू नयेत. माशांच्या मलातून होणारा अमोनिया पचविणारे जंतू पेटीत वाढायला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात मासे मेले की लोक दुकानदाराला दोष देतात; बहुधा दोष घाईचा असतो.

म्हापसेकर या बाबतीत भाग्यवान आहेत. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी हलके, किंचित आंबटसर. ॲमेझॉनच्या टेट्रांना तसलेच आवडते. घाटावर काळ्या दगडातले पाणी जड, तिथे हे मासे कष्टाने जगतात. नळाचे पाणी मात्र क्लोरीन जाईपर्यंत उघडे ठेवावे. वैशाखातला म्हापशाचा उकाडा निऑनला सोसत नाही. त्याहून कार्डिनल टेट्रा बरा.

पण परदेशी माशांचीच हौस कशाला? झेब्रा मासा आपलाच. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांतून तो पाळला जातो. आपल्या घरात मात्र त्याला 'स्वस्तातला मासा' म्हणतात! तो चपळ, शांत, काटक आहे, आणि पेटीत सहज वीण देतो.

हौशीची दुसरी बाजूही पाहावी. सह्याद्रीतल्या ओढ्यांतला 'मिस केरळ' हा तांबड्या पट्ट्याचा देखणा मासा निर्यातीपायी इतका उपसला गेला की २००८ साली केरळ सरकारला त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले. आज तो धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. वीतभर वाढणारा हा मासा लहान पेटीत मुळीच ठेवू नये, आणि घ्यायचाच तर पैदास केलेलाच मागून घ्यावा.

हौस फिटली म्हणून काही सद्गृहस्थ मासे नदीत सोडून पुण्य जोडतात. १९५२ साली आपल्या देशात आणलेला आफ्रिकेतला तिलापिया आज ठिकठिकाणच्या नद्या-तळ्यांत पसरला आहे, तो अशाच परक्या पाहुण्यांपैकी. म्हापसा नदीत तसले दान नको. नकोसे मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या एखाद्या शौकिनाला द्यावेत.