मुलांचे खगोलज्ञान व शिक्षकांचे कर्तव्य

संकष्टी चतुर्थीच्या रात्री दिवसभराच्या उपवासाने शिणलेली मंडळी गच्चीवर किंवा अंगणात चंद्राची वाट पाहत उभी असतात. अशा वेळी घरातील एखादे आठ वर्षांचे मूल विचारते, "पौर्णिमेला चंद्र दिवेलागणीलाच आला होता, मग आजच एवढा उशीर का?" त्यास उत्तर मिळते ते असे : "पंचांगात तशीच वेळ दिली आहे, गप्प बैस." आमच्या मते त्या मुलाने त्या क्षणी ज्योतिःशास्त्राच्या अभ्यासास आरंभ केला होता, आणि वडील मंडळींनी तो तेथल्या तेथे समाप्त केला. चंद्र रोज सरासरीने सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. तीन-चार दिवसांत तोच उशीर अडीच-तीन तासांवर जातो. हा साधा हिशेब, रोजमेळ लिहिणाऱ्या गृहस्थासही मुलास सांगता येऊ नये, हे आश्चर्य नव्हे काय?

कोणी म्हणेल, हे काम शाळेचे आहे. ठीक आहे, शाळेत काय होते ते पाहू. पृथ्वी गोल आहे, ती स्वतःभोवती २४ तासांत फिरते, ही वाक्ये मुले घडाघडा म्हणतात व गुणही मिळवितात. परंतु वाक्य पाठ होणे आणि गोष्ट समजणे यांत किती अंतर आहे, हे अमेरिकेतील इलिनॉय येथील मुलांना विचारून व्हॉस्निआडू व ब्रूअर या संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिले. पृथ्वी गोल आहे असे म्हणणारी कित्येक मुले, लोक राहतात कोठे असे विचारताच, पोकळ चेंडूच्या आत सपाट जमिनीवर राहतात असे सांगू लागली. काहींच्या मनात पृथ्व्याच दोन होत्या : एक पायांखालची सपाट, दुसरी आकाशातील गोल! पुढे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हैदराबादच्या मुलांस असेच प्रश्न विचारले, तेव्हा पृथ्वी पाण्यावर आधारलेली आहे, अशी कल्पना पुष्कळांच्या ठायी आढळली. घरी ऐकलेली कथा व शाळेत ऐकलेला धडा या दोहोंचा मुलाने आपल्या परीने घातलेला तो मेळ होता. मूल मूर्ख नसते. ते डोळ्यांना दिसणारी सपाट जमीन आणि गुरुजींचा शब्द या दोहोंस सांभाळून घेत असते.

ही तडजोड वेळीच उकलली नाही तर ती जन्मभर टिकते. १९८७ साली 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाच्या चित्रपटासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात पदवीधर, माजी विद्यार्थी व अध्यापक अशा २३ जणांस ऋतू अथवा चंद्रकला यांचे कारण विचारले. त्यांपैकी २१ जण चुकले. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, हेच ऋतूंविषयीचे नेहमीचे चुकीचे उत्तर होय. आमच्या वाचकांपैकी किती जण निराळे उत्तर देतील? वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटरवर, येते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपण शेकोटीभोवती बसतो त्या दिवसांत. आणि सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लक्ष किलोमीटरवर, जाते ती जुलैच्या आरंभी. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून.

तर मग शिक्षकांनी करावे काय? पहिली गोष्ट ही की, सांगण्यापूर्वी विचारावे. मुलास मातीचा गोळा देऊन "यावर तू कोठे उभा आहेस? तुझ्या हातून सुटलेला दगड कोणीकडे पडेल?" असे विचारावे, आणि उत्तर चुकले तर हसू नये. दुसरी गोष्ट, मुलाच्या देहास अभ्यासात भाग घेऊ द्यावा. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शमीन पडळकर व जयश्री रामदास यांनी हातवारे, हालचाली व आकृत्या यांच्या साहाय्याने मुलांस खगोल शिकविण्याच्या रीतीचा अभ्यास केला आहे. प्रयोग तरी किती सोपा! अंधाऱ्या खोलीत एक दिवा ठेवावा. मुलाने पांढरा चेंडू हात लांब करून डोक्याहून किंचित उंच धरावा व जागच्या जागी सावकाश फिरावे. कोर, अर्धा चंद्र, पौर्णिमा सारे त्या चेंडूवर दिसते, आणि चंद्रकला पृथ्वीच्या सावलीने होतात हा समज बोलण्यावाचून गळून पडतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकाश दाखवावे. शाळा दिवसा, तारे रात्री, ही अडचण आम्हांस ठाऊक आहे. परंतु सूर्य व चंद्र यांस ती लागू नाही. शुद्ध अष्टमीच्या सुमारास दुपारच्या सुट्टीनंतर चंद्र पूर्वेकडे स्वच्छ दिसतो. चंद्र रात्रीच उगवतो असे लिहिणाऱ्या मुलास तो बोटाने दाखवावा. पटांगणात एक काठी रोवून माध्यान्हीची सावली वर्षभर खडूने आखावी. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो हा समज तेणेकरून जाईल. पुण्यामुंबईस तो वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यास व जुलैअखेरीस, बरोबर डोक्यावर येतो. सूर्योदयाची जागा उत्तरेकडे सरकू लागते ती डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास, तिळगूळ मात्र आपण १४ जानेवारीच्या सुमारास वाटतो, हे मुलांच्या स्वतःच्या टिपणावरून निघाले, तर अयनचलनाचा विषय कोणत्याही भाषणापेक्षा अधिक खोल रुजेल. सणास त्यामुळे बाध येत नाही. सणाचा अर्थ मात्र कळतो.

शिक्षकांवर सर्व दोष टाकण्याची आमची इच्छा नाही. ज्यास कोणी कधी आकाश दाखविले नाही, त्याने ते दुसऱ्यास कसे दाखवावे? अध्यापकवर्गांत एक महिना तरी चंद्राची टिपणे त्यांच्याकडून करवून घ्यावीत. आणि "मला ठाऊक नाही, आपण मिळून पाहू" असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होत नाही, हे पालकांनीही जाणावे. 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' हा १८९६ सालचा थोर ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षकच होते. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांस एकत्र आणीत आली आहे. परंपरा आहे, ती वर्गापर्यंत पोहोचलेली नाही, एवढेच.

व्यापारी वाचकांस आमचे दोन शब्द. दुकाने बंद झाल्यावरही जळणाऱ्या पाट्यांनी शहरांतील मुलांपासून आकाशगंगा हिरावून घेतली आहे. महिन्यातून एक रात्र, अमावास्येच्या जवळची, शाळेच्या आसपासचे दिवे दोन तास मालवावे. यास वर्गणी लागत नाही. तसेच २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणी आपल्याकडे पुष्कळ घरांतून मुलांस दारे लावून आत बसविले होते. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे घातक खरेच, ग्रहण असो वा नसो. परंतु पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून कागदावर पडलेली खंडित सूर्याची प्रतिमा पाहण्यात कोणता धोका?

पुढील संकष्टीस मूल तोच प्रश्न पुन्हा विचारील, अथवा एकदा दटावल्यामुळे विचारणारही नाही. दुसरी गोष्ट घडली तर हानी मोठी आहे. सबब वाचकांनी त्या रात्री नैवेद्याबरोबर एक चेंडू व एक दिवाही गच्चीवर न्यावा, इतकीच आमची विनंती आहे.