थरच्या वाळवंटात पायी जाताना

जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनमंदिरे आणि तेथून जवळच असलेले लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर यांच्या दर्शनाला महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे जातात. त्यांतील तरुण मंडळी आता एकदोन दिवस हाती राखून सम किंवा खुडी येथील वाळूच्या टेकड्यांत पायी भटकण्याचा बेत आखतात. बेत उत्तम आहे. पण पाठपिशवी भरताना पुष्कळांचा हिशेब चुकतो. वाळवंट म्हणजे ऊन, एवढेच गृहीत धरून सुती सदरे भरले जातात. रात्र विसरली जाते आणि पाणी तर शेवटी उरलेल्या जागेत कोंबले जाते.

वास्तविक पिशवीवर पहिला बोजा पाण्याचा. दिवसभर चालायचे तर हिवाळ्यातही माणशी तीन-चार लिटर पाणी लागते आणि एका लिटरचे वजन एक किलो भरते. ते आधी ठेवावे. उरेल तेवढ्या जागेत कपडे.

डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २४-२५ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे ७-८ अंशांवर, कधी त्याहूनही खाली येतो. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाही. त्यामुळे तापलेली वाळू सूर्यास्तानंतर झपाट्याने थंड पडते. अशा वेळी एकच जाडजूड स्वेटर कामाचा नाही. अंगालगत थर्मल, त्यावर पातळ लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट असावे. चालताना एकेक वस्त्र उतरवता येते, थांबल्यावर पुन्हा चढवता येते. घामाने भिजलेला बनियन मात्र ऊन कलण्यापूर्वीच बदलावा. तोच रात्री हुडहुडी भरवतो. कानटोपी, विजेरी आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड रात्रीसाठी निराळा बांधून ठेवावा.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी सारेजण टेकडीवर बसून तो सोहळा पाहत असतात आणि तंबूतील पाने त्यानंतर मांडली जातात. खाकरे, दशम्या, भाजलेले चणे जवळ असले म्हणजे नियमही पाळला जातो आणि सूर्यास्तही चुकत नाही. ज्यांचा चौविहार असेल, त्यांनी दुपारपासूनच थोडे थोडे पाणी पीत राहावे. शेवटच्या घटकेला तांब्याभर पाणी पिऊन दिवसभराची तूट भरून निघत नाही.

एप्रिल ते जून हा काळ पायपिटीचा नव्हेच. दुपारचे तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते, वाळू तर हवेहूनही कितीतरी अधिक तापते आणि लू वाहू लागते. चौविहार पाळणाऱ्यांनी आणि वयस्करांनी या दिवसांत दर्शन घेऊन परतावे, हेच बरे. तरीही जाणाऱ्यांनी पहाटे निघून नऊच्या आत सावली गाठावी. अंगात सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत. उघड्या दंडांनी ऊन कमी लागत नाही, अधिक लागते. आपला साधा पंचा येथे फार उपयोगी. तो डोक्याला बांधता येतो, वाळू उडाली की नाकातोंडावर ओढता येतो आणि ओला करून मानेवर ठेवता येतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लहान चमच्याचे; त्याच्या पुड्या घरूनच बांधून न्याव्यात. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो थट्टा करत आहे असे समजू नये. उष्माघाताचे ते लक्षण असू शकते. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे.

बुटांविषयी थोडे. जाळीच्या बुटांत वाळू शिरते आणि तासाभरात पायाला फोड येतात. घोटा झाकणारे, जाड तळाचे कॅनव्हासचे बूट उत्तम. त्यांत चामड्याचाही प्रश्न येत नाही. थरमध्ये फुरसे आणि विंचू दोन्ही आहेत, म्हणून सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नये.

पावसाळ्यानंतर वाळूवर भुरट नावाचे गवत माजते. त्याची काटेरी बोंडे लोकरीत आणि मोज्यांत अशी रुततात की काढता काढता बोटे सोलतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी गुळगुळीत विणीची विजार घालावी, लोकरी घोंगडी जमिनीवर अंथरू नये आणि पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात एक लहान चिमटा ठेवावा.