काळजाचा वाटा कोणाला?

रविवारी घरात मटण किंवा कोंबडी आली म्हणजे त्यातील काळीज कोणाच्या ताटात पडते, याचा आमच्या वाचकांनी एकदा शांतपणे विचार करावा. बहुतेक घरांत ते घरधन्याला किंवा पाहुण्याला वाढले जाते. कित्येक घरांत तर ते विकतच घेतले जात नाही. घरची माउली सर्वांच्या मागून जेवावयास बसते, तेव्हा तिच्या वाट्यास उरलेला रस्सा तेवढा येतो. ज्यांना या घासाची अधिक गरज, त्यांनाच तो मिळू नये, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

गरज अधिक म्हणण्यास कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींस रक्तक्षय आढळला. पुरुषांत हेच प्रमाण २५ होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील एक मोठे कारण होय. कोंबडीच्या १०० ग्रॅम काळजात सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असते. तिच्या छातीच्या तितक्याच मांसात ते १ मिलिग्रॅमही नसते. शिवाय काळजात ब-१२ जीवनसत्त्व विपुल असते. मायनॉट व मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ साली एका घातक पांडुरोगावर काळजाच्या आहाराचा गुण दाखवून दिला. त्याबद्दल त्यांना व्हिपल या शास्त्रज्ञासह १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गोव्याकडील आमच्या कुटुंबांना हे अन्न नवीन नाही. सोरपोतेलात डुकराच्या मांसाबरोबर काळीज पडतेच. परंतु नाताळ आणि फेस्त वर्षातून कितीदा येणार? आठवड्यातून एकदा साध्या जेवणातही काळीज सहज करता येईल.

ते त्याच दिवशीचे ताजे घ्यावे. पित्ताची पिशवी चिकटलेली असल्यास ती न फोडता काढून टाकावी. नाही तर सारे कालवण कडू होते. कांदा, आले-लसूण व मिरी यांचा मसाला आधी नीट परतावा आणि काळजाचे तुकडे शेवटी घालावेत. आतील गुलाबी रंग जाईपर्यंत ते शिजलेच पाहिजेत; मात्र त्यापुढे फार वेळ ठेवल्यास चामट होतात. मुलांना चव रुचत नसेल, तर चार भाग खिम्यात एक भाग बारीक चिरलेले काळीज मिसळावे. सोबत मेथीची किंवा लाल माठाची भाजी असावी. मांसाच्या संगतीने भाजीतील लोहही अंगी अधिक लागते.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. काळजात अ जीवनसत्त्व फार असते व त्याचा अतिरेक गर्भास बाधतो; म्हणून गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते खाऊ नये. युरिक आम्लामुळे ज्यांचे सांधे सुजतात, त्यांनीही ते टाळावे. तसेच ज्यांना लोहाच्या गोळ्या दिलेल्या आहेत, त्यांनी काळीज खातो म्हणून त्या बंद करू नयेत.

बाकी सर्व घरांस आमची विनंती एवढीच, की पुढच्या वेळी काळीज शिजेल, तेव्हा वाढत्या वयाच्या मुलीचे ताट आधी वाढावे, आणि आईचा वाटा काढून ठेवल्यावाचून कोणी दुसऱ्यांदा मागू नये.