मॅन्चिनसाहेबांचं बंड कुणाच्या जिवावर?

मंडळी, एक गोष्ट आता पुरे करूया. अमेरिकेचा एखादा सिनेटर स्वतःच्या पक्षाविरुद्ध गेला की लगेच त्याचा फोटो, खाली "याला म्हणतात कणा!", आणि मग दहा ग्रुपवर ढकलगाडी. जो मॅन्चिन यांच्यावरचा असाच एक मजकूर गेल्या आठवड्यात मला चौघांनी पाठवला. शेवटी आपल्या खासदारांना टोमणा होताच, की बघा, शिका काहीतरी.

टोमण्यामागचं दुखणं मला कळतं. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. एकट्या माणसाने सदसद्विवेकाला स्मरून व्हिप मोडला तर त्याचं सदस्यत्व धोक्यात येतं. पण दोन तृतीयांश माणसं गोळा करून दुसऱ्या पक्षात विलीन झाला तर कायदा त्याला हात लावत नाही. म्हणजे एकटा अपराधी आणि टोळी निर्दोष! महाराष्ट्रात जून २०२२ पासून आपण काय काय बघितलं ते परत उगाळत नाही. अशा देशात राहणाऱ्याला एकटा उभा राहून "नाही" म्हणणारा माणूस भावणारच. मलाही भावतो. पण कुणी "नाही" म्हटलं एवढ्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. त्या "नाही"चा खर्च कुणी भरला, हे आधी बघायचं असतं.

आधी एक चांगलं उदाहरण घेऊ, म्हणजे माझा राग बंडावर नाही हे कळेल. २८ जुलै २०१७ ची पहाट. ओबामांचा आरोग्यविमा कायदा मोडीत काढायचं रिपब्लिकन विधेयक सिनेटमध्ये मताला आलं. मेंदूच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालेले जॉन मॅक्केन सभागृहात आले आणि अंगठा खाली केला. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या त्यांच्याच पक्षाच्या दोघीही विरोधात होत्या. ४९ विरुद्ध ५१, विधेयक पडलं. त्या मताने ट्रम्प चिडले, पक्षाची नाचक्की झाली. पण ज्यांच्याकडे विमा होता त्यांचा विमा राहिला. बिल कुणी भरलं? पक्षाने. असं बंड मला मान्य आहे.

आता मॅन्चिन. वेस्ट व्हर्जिनिया म्हणजे डोंगराळ, कोळशाचं, गरीब राज्य, लोकसंख्या जेमतेम १८ लाख. मॅन्चिन तिथे आधी गव्हर्नर होते, २०१० पासून डेमोक्रॅट सिनेटर. त्या वर्षीच्या प्रचाराच्या जाहिरातीत त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या हवामानविषयक विधेयकावर रायफलने गोळी झाडून दाखवली होती. हे मी त्यांच्या बाजूने धरतो. कोळशाच्या बाबतीत मी पक्षाचा नाही, हे त्यांनी मत मागतानाच सांगितलं होतं. २०२० साली याच राज्यात ट्रम्प यांना जवळपास ६९ टक्के मतं पडली. तिथे डेमोक्रॅट टिकवणं म्हणजे गंमत नाही, आणि मॅन्चिन नसते तर ती जागा रिपब्लिकनांकडेच असती, हा त्यांच्या चाहत्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण पक्षाशी न पटणं आणि लोकांच्या घरात येणारे पैसे थांबवणं, या एकच गोष्टी आहेत का?

जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियाच्या दोन्ही जागा जिंकून डेमोक्रॅट ५०-५० वर आले. बरोबरी फोडायला उपाध्यक्ष कमला हॅरिस. म्हणजे पन्नासातला कुणीही एक फिरला की सगळं ठप्प. मार्चमध्ये १.९ लाख कोटी डॉलरचा कोविड मदत कायदा झाला (त्या दिवशीसुद्धा बेकारभत्त्यावरून मॅन्चिनसाहेबांनी सिनेट तासन्‌तास अडकवून ठेवली होती). त्या कायद्यात मुलांसाठीची करसवलत वाढवली गेली. सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर, त्याहून मोठ्या मुलामागे ३,०००. खरी गोष्ट अशी की जुलै ते डिसेंबर २०२१ यातली निम्मी रक्कम दर महिन्याला सरळ आईबापाच्या खात्यात यायची. लहान मुलामागे ३००, मोठ्यामागे २५०. आणि ज्यांची कमाई इतकी कमी की कर लागतच नाही, त्यांनाही पूर्ण मिळायची. आधीच्या पद्धतीत सगळ्यात गरीब घरंच अर्धी उपाशी राहत होती.

अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार २०२१ मध्ये बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. पुढच्याच वर्षी ते १२.४ टक्के झालं. दुपटीच्या वर! सगळं पाप या एकाच सवलतीच्या बंद होण्याचं नाही, कोविडची इतर मदतही तेव्हा संपली होती, हे मान्य. पण मोठा वाटा हिचाच.

बंद कशी झाली? ही सवलत पुढे चालू ठेवणारं मोठं विधेयक डेमोक्रॅटांनी आणलं होतं. सुरुवातीला ३.५ लाख कोटी डॉलरचं, मग मॅन्चिन यांच्यासाठी छाटत छाटत निम्म्यावर आणलेलं. त्याच्या जोडीला रस्ते-पुलांचं वेगळं विधेयक होतं, जे मॅन्चिनना हवंच होतं. पक्षातल्या डाव्या गटाचं म्हणणं साधं होतं: दोन्ही एकत्र मंजूर करा, नाहीतर रस्त्यांचं झाल्यावर हा माणूस आम्हाला हात दाखवील. त्यांना हट्टी, पोरकट, काय काय म्हटलं गेलं. शेवटी बायडेन यांच्या भरवशावर त्यातल्या बहुतेकांनी ५ नोव्हेंबरला रस्त्यांच्या विधेयकाला मतं दिली. सहा जण तेवढे विरोधात गेले, उघडपणे, नाव लावून. साधारण सहा आठवड्यांनी, १९ डिसेंबरच्या रविवारी, मॅन्चिन फॉक्स न्यूजवर आले आणि म्हणाले की मी या विधेयकाला मत देऊ शकत नाही. व्हाइट हाउसने त्याच दिवशी लेखी निवेदन काढून त्याला अचानक घेतलेलं घूमजाव म्हटलं.

आता इथे चाहते एक कागद काढतात. तो कागद खरा आहे. जुलै २०२१ मध्येच मॅन्चिननी सिनेटमधले पक्षनेते चक शूमर यांच्याकडून एका पानावर सही घेतली होती, की माझी मर्यादा १.५ लाख कोटी डॉलर. मग त्यांनी फसवलं कसं, असं विचारतात. अहो, पण तो कागद लोकांना दिसला सप्टेंबरच्या शेवटी! दोन महिने तो खिशात आणि बाहेर चर्चेचा तमाशा चालू. गोळी झाडायची जाहिरात सगळ्या राज्याला दाखवता येते, मग हा आकडा का दाखवता आला नाही? ज्याला तत्त्वासाठी नाही म्हणायचं असतं तो पहिल्या दिवशी म्हणतो. बाजारात भाव ठरवणारा माणूस शेवटपर्यंत थांबतो.

बरं, हे "नाही" त्यांच्या मतदारांसाठी होतं म्हणावं, तर तेही नाही. वेस्ट व्हर्जिनिया देशातल्या सगळ्यात गरीब राज्यांपैकी. त्या दरमहा पैशांची गरज तिथे जास्तच. आईबाप हे पैसे नशेवर उडवतील असं त्यांनी सहकाऱ्यांकडे खासगीत बोलून दाखवल्याच्या बातम्या अमेरिकेतल्या पत्रकारांनी दिल्या. स्वतःच्या लोकांबद्दल!

आणि खाणकामगार? मला सगळ्यात जास्त चीड आणणारा भाग हा आहे. कोळशाच्या धुळीने खाणकामगाराचं फुफ्फुस काळं पडतं, श्वास घेता येईना होतं. त्यांच्या औषधपाण्याचा आणि भत्त्याचा निधी कोळशावरच्या टनामागच्या करातून चालतो. तो वाढीव कर २०२१ च्या अखेरीस संपत होता आणि त्याची मुदतवाढ याच विधेयकात होती. मॅन्चिन टीव्हीवर बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी खाणकामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे त्यांच्याच जुन्या साथीदारांनी, जाहीर विनंती केली की पुन्हा विचार करा. विचार झाला नाही. १ जानेवारीला कर अर्ध्याच्याही खाली आला. त्यात मॅन्चिन यांच्या घरची कोळशाची कंपनी, जिच्यातून त्यांना दरवर्षी लाखो डॉलर मिळत होते. संशय घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी घेतो.

फिलिबस्टरचं तर हसावं की रडावं. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांना चर्चा संपवण्यासाठी १०० पैकी ६० मतं लागतात. सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं मारली गेल्यावर २०१३ मध्ये मॅन्चिननी एका रिपब्लिकन सिनेटरबरोबर बंदूक खरेदीदाराच्या पार्श्वभूमी तपासणीचा प्रस्ताव आणला. चांगला होता. ५४ मतं पडली, ४६ विरोधात, आणि बहुमत असून तो मेला. मारला कुणी? याच साठच्या अटीने. तरी जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्काच्या विधेयकापुरती ती अट शिथिल करायची वेळ आली तेव्हा अटीच्या पहाऱ्याला तेच उभे. ४८ विरुद्ध ५२. सोबतीला ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा (आडनावच आहे ते, हसू नका). एकेकाळी ग्रीन पक्षाच्या कार्यकर्त्या; सिनेटमध्ये आल्यावर किमान वेतन १५ डॉलर करण्याच्या प्रस्तावावर यांनीही मॅक्केन यांच्यासारखाच अंगठा खाली केला. अंगठा तोच, पण बिल ताशी ७.२५ डॉलरवर राबणाऱ्या माणसाच्या नावे.

ऑगस्ट २०२२ मध्ये मॅन्चिननी हवामानासाठी सुमारे ३६,९०० कोटी डॉलरच्या कायद्याला हो म्हटलं. त्यांच्या मताशिवाय तो झालाच नसता, आणि खाणकामगारांचा कर त्याच कायद्याने कायमचा झाला. हे त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवं. पण वजाबाकीही बघा की. मुलांचे पैसे त्यात परत आले नाहीत. सिनेमाबाईंनी गुंतवणूक फंडवाल्यांची करसवलत वाचवून घेतली. आणि मॅन्चिनना हवी असलेली माउंटन व्हॅली गॅसवाहिनी पुढच्या वर्षी कर्जमर्यादेच्या कायद्यात घुसवून मंजूर झाली. म्हणजे हवं ते पदरात पाडून घेणं या माणसाला येत होतं. मुलांसाठी त्याने ते केलं नाही, एवढंच.

शेवट तर "कणा"वाल्यांनी नीट वाचावा. सिनेमांनी डिसेंबर २०२२ मध्ये पक्ष सोडला, मॅन्चिननी मे २०२४ मध्ये. दोघेही अपक्ष झाले आणि दोघांपैकी एकानेही २०२४ ची निवडणूक लढवली नाही. पक्षाला नाही म्हटलं ते बरोबर होतं ना? मग लोकांपुढे जाऊन ते विचारायचं होतं. मॅन्चिन यांची जागा जिम जस्टिस यांनी घेतली. हे २०१६ साली डेमोक्रॅट म्हणून गव्हर्नर झाले आणि वर्षभरात ट्रम्प यांच्या सभेत जाऊन रिपब्लिकन झाले. त्यांचाही फोटो कुणीतरी पाठवीलच.

तर ज्या चौघांनी मला तो मजकूर पाठवला त्यांना एवढंच सांगणं. मॅक्केन यांचा फोटो टाका, मी पहिला पुढे पाठवीन. मॅन्चिन यांचा टाकायचाच असेल तर खाली "कणा"च्या जागी जानेवारी २०२२ एवढं लिहा. खात्यात ते तीनशे डॉलर आले नाहीत असा तो पहिला महिना.